कुलाब्याचा एक आकडा आणि आभाळातलं अर्धं कडं

मागच्या अंकात मे २०२४ च्या सौर वादळावर लिहिलं होतं, लडाखमध्ये हानलेला आकाश लाल कसं दिसलं ते. त्यात जाता जाता एक ओळ होती, की अशा वादळात पृथ्वीभोवतीचा 'रिंग करंट', म्हणजे विद्युतप्रवाहाचं कडं, फुगतो आणि आता त्याचा फोटोसुद्धा काढता येतो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून सगळ्यांचीच फक्त ठिकाणं देतेय.

ताई, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. करंट म्हटला की वायर हवी, सर्किट पूर्ण हवं. पृथ्वीभोवती लाखो अँपिअर वाहतात म्हणता, ते कशातून? (निवृत्त शिक्षक, दादर)

सर, वायर नाही, पण करंट म्हणजे शेवटी काय तर विद्युतभार एका बाजूला सरकणं. वायरीत इलेक्ट्रॉन सरकतात, इथे मोकळ्या अवकाशात आयन (विद्युतभार असलेले अणू) आणि इलेक्ट्रॉन सरकतात. पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण तीन ते आठ पृथ्वी-त्रिज्या, म्हणजे ढोबळमानाने २० हजार ते ५० हजार किलोमीटरच्या पट्ट्यात हे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून पडलेले असतात. जास्त करून हायड्रोजनचे आयन, म्हणजे नुसते प्रोटॉन, आणि वादळात ऑक्सिजनचे आयनही.

आता हे सरकतात का, ते तुम्ही फळ्यावर काढून दाखवू शकाल असं आहे. चुंबकीय क्षेत्रात आयन गोल गोल फिरतो हे आपण अकरावी-बारावीला शिकवतोच, क्षेत्र जोरदार असेल तर वर्तुळ लहान आणि क्षेत्र कमजोर असेल तर मोठं. पृथ्वीकडच्या बाजूला क्षेत्र जोरदार आणि बाहेरच्या बाजूला कमजोर, त्यामुळे एकाच फेरीत आतल्या बाजूला वळण घट्ट बसतं आणि बाहेरच्या बाजूला ऐसपैस, मग वर्तुळ जिथून सुरू झालं तिथे येऊन मिळतच नाही, दर फेरीला थोडं बाजूला सरकतं. असं सरकत सरकत आयन पश्चिमेकडे जातात. इलेक्ट्रॉन उलटे, पूर्वेकडे. पण त्यांचा भारही उलटा ना, म्हणून दोघांचा करंट एकाच दिशेला, पश्चिमेला, आणि पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घातली की तुमचं सर्किट पूर्ण! ५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या प्रोटॉनला चार पृथ्वी-त्रिज्यांवर एका प्रदक्षिणेला साधारण साडेतीन ते चार तास लागतात.

हा करंट जमिनीवर जे चुंबकीय क्षेत्र तयार करतो ते आपल्या क्षेत्राच्या बरोबर विरुद्ध असतं, म्हणून वादळात विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याकडेसुद्धा, आडवं चुंबकीय बल, म्हणजे होकायंत्राची सुई उत्तरेला वळवणारी ओढ, कमी होतं. अलिबागला ते सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं, त्यातले शंभर कमी झाले तरी चांगलं वादळ म्हणायचं. जेमतेम पाव टक्का ना? पण ते शंभर नॅनोटेस्ला घटवायला त्या कड्यात जेवढी ऊर्जा साठावी लागते ती साधारण ११० कोटी युनिट वीज होते. मुंबईची मागणी ४ हजार मेगावॅट धरली तर या शहराला अकरा-बारा दिवस पुरेल एवढी. आणि मे २०२४ ला तर घट ४०० च्या पुढे गेली होती.

बाय द वे, हानलेला दिसलेला तो लाल पट्टा याच कड्याशी जोडलेला आहे. कड्यातली उष्णता चुंबकीय रेषांवरून खाली झिरपते आणि काहीशे किलोमीटरवरचे ऑक्सिजनचे अणू लाल उजेड देतात.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयन चमकत नाहीत, प्रोटॉनला तर इलेक्ट्रॉनच नसतो म्हणजे त्याच्याकडून प्रकाश येणारच नाही. मग फोटो कशाचा काढतात? (ठाणे)

तुझा प्रश्न वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण 'प्रोटॉनकडे इलेक्ट्रॉनच नाही' इथेच सगळी मेख आहे आणि ती तू बरोबर पकडलीस.

जोंधळ्याच्या शेतात पाखरं हाकायला गोफण वापरतात ती पाहिलीयस का? ठाण्यात नाही दिसायची पण गावी कोणी असेल तर विचार. गोफणीत दगड आहे तोवर तो डोक्याभोवती गरागरा फिरतो, आणि बोटातली एक दोरी सोडली की त्या क्षणी दगडाचं तोंड जिकडे असेल तिकडे तो सरळ सुटतो. आयनाचं तस्सं आहे. त्याला गोल फिरवणारी दोरी म्हणजे चुंबकीय बल, आणि ती दोरी त्याच्या अंगावर विद्युतभार आहे तोवरच. भार गेला की दोरी सुटली.

आता भार जातो कसा? आपलं वातावरण शंभरेक किलोमीटरवर संपतं असं आपण धरून चालतो, पण हायड्रोजनचा एक अतिशय विरळ ढग हजारो किलोमीटर पसरलेला असतो, त्याला जिओकोरोना म्हणतात. अपोलो १६ च्या वेळी, एप्रिल १९७२ मध्ये, जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला अतिनील कॅमेरा चंद्रावर ठेवून या ढगाचा उजेड टिपला होता. रिंग करंटच्या भागात त्याची घनता घनसेंटिमीटरला फक्त काहीशे अणू, म्हणजे आपल्या हिशेबी निर्वातच. तरी फिरता फिरता एखादा वेगवान आयन एखाद्या थंड हायड्रोजन अणूच्या अगदी जवळून जातो आणि त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. झालं, तो आता आयन राहिला नाही, उदासीन अणू झाला. ऊर्जा जवळपास सगळी तशीच, फक्त भार नाही. त्या क्षणापासून चुंबकीय क्षेत्राचा त्याच्यावर काही हक्क नाही, तो सरळ रेषेत निघतो. ५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा हायड्रोजन असेल तर सेकंदाला ३ हजार किलोमीटरच्या वर वेग, म्हणजे ३० हजार किलोमीटरवरून दहा सेकंदांत तुझ्या कॅमेऱ्यात.

म्हणजे बघ, कड्यात फिरत असलेल्या आयनांचा फोटो नाहीच निघत. जे कड्यातून सुटले त्यांचा निघतो, आणि ते सरळ येतात म्हणून कुठून सुटले ते कळतं. प्रकाशाच्या जागी अणू, एवढाच फरक. याच कारणाने कडं हळूहळू रिकामंही होतं. वादळ संपल्यावर रिंग करंट ओसरायला जे काही दिवस लागतात, त्यात आयन गमावण्याचा हा एक मोठा मार्ग आहे. ज्या गळतीमुळे कडं संपतं तिच्यावरच आपला फोटो निघतो.

पहिला असा फोटो कसा निघाला ती गोष्टही ऐक. आयएसईई-१ नावाच्या उपग्रहावर आयन मोजायचं उपकरण होतं, अणूंचा कॅमेरा वगैरे नव्हता. सप्टेंबर १९७८ च्या वादळात त्यात अशा जागी मोजणी येत होती जिथे आयन असायला नकोत. ते आयन नव्हतेच, हे सुटलेले अणू होते. एडमंड रोलॉफ यांनी १९८७ मध्ये त्या मोजणीवरून रिंग करंटचं पहिलं चित्र मांडलं. दुसऱ्या कुणी त्याला बॅकग्राउंड म्हणून वजा करून टाकलं असतं.

अणू काचेतून जात नाही. मग लेन्स कशाची? मी लग्नाचे फोटो काढतो म्हणून विचारतोय. (विलेपार्ले)

लेन्स नसतेच, आणि असूही शकत नाही. भार नाही म्हणून चुंबकाने वळवता येत नाही, आणि काचेवर आपटला तर तिथेच संपला. त्यामुळे हे कॅमेरे पिनहोल कॅमेऱ्याच्या भाऊबंदांसारखे असतात, एक फट आणि मागे पडदा.

नासाच्या 'इमेज' उपग्रहावरचा हेना नावाचा कॅमेरा घेऊ. तोंडाशी पट्ट्यांची चळत, त्यांच्यावर हजारो व्होल्टचा दाब. कॅमेऱ्यात आयन आणि इलेक्ट्रॉन पण घुसायला बघतात आणि त्यांची संख्या अणूंपेक्षा कितीतरी जास्त, तर हा दाब त्यांना बाजूला ओढून भिंतीवर आपटवतो. अणूला दाबाचं काही पडलेलं नाही, तो सरळ आत. पुढे फटीवर एक पापुद्रा ताणलेला असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास पातळ. अणू तो भेदून जातो आणि जाताना पापुद्र्यातून दोन-चार इलेक्ट्रॉन उडवतो. ते इलेक्ट्रॉन पकडले की घड्याळ सुरू. अणू मागच्या पडद्यावर पोचला की घड्याळ बंद. मधलं अंतर माहीत, वेळ माहीत, म्हणजे वेग कळला. फटीत कुठून शिरला आणि पडद्यावर कुठे पडला यावरून दिशा कळली. आणि आपटताना किती जोरात आपटला त्यावरून हायड्रोजन की ऑक्सिजन तेही बऱ्यापैकी ओळखता येतं. तुमच्या कॅमेऱ्यात एका क्लिकला किती फोटॉन येतात त्याची गणती नसते, इथे एकेका अणूची वेगळी नोंद ठेवतात!

पापुद्र्याचं आणखी एक काम आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो हायड्रोजनचा ढग अतिनील प्रकाशात सतत चमकत असतो आणि त्या उजेडाने डिटेक्टर आंधळा होईल, तो उजेड पापुद्रा अडवतो. शेजारच्या मेना कॅमेऱ्यात, जो कमी ऊर्जेचे अणू बघायचा, हेच काम सोन्याच्या अतिबारीक जाळीने केलं होतं.

एक्स्पोजरचं म्हणाल तर उपग्रह स्वतःभोवती दोन मिनिटांत एक फेरी घ्यायचा आणि फेरीला एक चित्र. दाणेदार असायचं. नीट दिसायला चार-पाच फेऱ्या एकत्र कराव्या लागायच्या. आणि चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे त्या नजरेच्या रेषेवरचं जवळचं-लांबचं सगळं एकात एक मिसळलेलं, ते सोडवायला हायड्रोजनच्या ढगाची घनता माहीत हवी आणि भरपूर गणित हवं. नंतर 'ट्विन्स' नावाने असेच कॅमेरे दोन वेगळ्या उपग्रहांवर बसवले, २००८ पासून दोन्ही मिळून दोन डोळ्यांनी बघितल्यासारखं बघता यायला लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फक्त जिओकोरोना बघायला एक यान पाठवलंय, त्याला कॅरुथर्स यांचंच नाव दिलंय, म्हणजे गणितातली ती घनता आता नीट मोजून मिळेल.

एवढा खटाटोप करून नवं काय कळलं? जमिनीवरून वादळ मोजता येत होतंच ना? (बोरिवली)

मोजता येत होतं, हो. जगात होनोलुलू, सान हुआन, दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानुस आणि जपानमधलं काकिओका या चार ठिकाणच्या आडव्या बलाच्या नोंदींची सरासरी काढून दर तासाला एक आकडा काढतात, त्याला डीएसटी म्हणतात. मार्च १९८९ च्या ज्या वादळात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली, त्याचा तो आकडा उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. चांगला, उपयोगी आकडा आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण सरासरी काढली की आकार गेला. कडं कुठे जाड आहे, कुठे आहेच नाही, हे त्यात उरत नाही. घरातल्या चार खोल्यांचं तापमान मोजून सरासरी सांगितली तर स्वयंपाकघरात गॅस चालू आहे हे कसं कळणार?

'इमेज' २५ मार्च २००० ला कॅलिफोर्नियातून उडालं आणि त्याच जुलैत मोठं वादळ आलं, डीएसटी उणे ३०० च्या आसपास. चित्रांमध्ये जे दिसलं ते असं, की वादळाच्या भर जोरात कडं हे कडं नसतंच. आयन रात्रीच्या बाजूने, पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीकडून आत ढकलले जातात, संध्याकाळच्या बाजूने वळसा घेतात आणि त्यातले पुष्कळसे दुपारच्या बाजूने बाहेर निसटून जातात, पूर्ण चक्कर मारतच नाहीत. म्हणजे रात्रीकडे जाडजूड आणि दिवसाकडे जवळपास रिकामं, तुटक्या बांगडीसारखं. सौरवाऱ्याचा रेटा कमी झाला की मग आयनांचे मार्ग बंद वर्तुळात बसतात आणि खरं गोल कडं तयार होतं, तेही ओसरायला लागलेलं. असं काहीतरी असावं हा अंदाज जमिनीवरच्या नोंदींवरून आणि आधीच्या उपग्रहांवरून होता, पण उपग्रह एका वेळी एकाच जागी असतो, त्याला आपण उभे आहोत तिथलंच कळतं. अख्खं एकदम बघायला मिळालं ते चित्रांमुळे.

आणि अंदाज चुकले तेही चित्रांनीच दाखवलं. कड्यातल्या हायड्रोजन आयनांचा सगळ्यात दाट भाग संध्याकाळ ते मध्यरात्र या बाजूला असेल असं मॉडेल सांगायची. जोरदार वादळांत तो पुष्कळदा मध्यरात्र उलटून पहाटेच्या बाजूला सरकलेला निघाला. रिंग करंट स्वतःच खालच्या आयनोस्फिअरशी, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराशी, जोडला जाऊन तिथली विद्युतक्षेत्रं पिरगाळतो आणि आपल्याच आयनांचा रस्ता बदलतो असं त्याचं कारण दिलं जातं. एका आकड्यावरून हे जन्मात कळलं नसतं.

ऑक्सिजनबद्दल तर वेगळा लेख लिहीन. सूर्याकडून येणारा वारा मुख्यतः हायड्रोजनचा, मग कड्यात ऑक्सिजन आला कुठून, तर आपल्याच वातावरणाच्या वरच्या थरातून. शांत दिवसांत कड्यात तो किरकोळ असतो आणि मोठ्या वादळात कधी कधी ऊर्जेचा निम्म्याहून जास्त वाटा त्याचा होतो. सूर्य ढकलतो खरा, पण कडं फुगवायला माल पृथ्वी पुरवते.

कुलाबा वेधशाळेचा आणि अलिबागचा याच्याशी काही संबंध आहे का? आमचं गाव अलिबाग, लहानपणापासून ती वेधशाळा बाहेरून बघतोय. (सध्या चेंबूर)

संबंध आहे आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. कुलाब्याला चुंबकीय नोंदी १८४१ ला सुरू झाल्या. पुढे शहरात घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्रामचा करंट जमिनीतून परतताना सुया हलवणार आणि नोंदी कायमच्या बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस, जे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, त्यांनी ट्राम यायच्या आधीच नवी जागा उभी केली, ती तुमची अलिबागची. पोरबंदरचा चुंबकीय नसलेला दगड पारखून आणला आणि खोल्या लोखंडाशिवाय बांधल्या. अलिबागच्या नोंदी १९०४ ला सुरू झाल्या. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला सांधता येईल, आणि मगच १९०६ ला कुलाबा बंद केलं. १९०७ ला ट्राम धावली. मला या गोष्टीतली ती दोन वर्षं सगळ्यात आवडतात, कुणी मागितली नव्हती, काम करणाऱ्यांना कळलं होतं की पन्नास-शंभर वर्षांनी कुणाला तरी लागेल.

मूस यांनी १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या नोंदी अभ्यासून १९१० मध्ये दोन खंड छापले. वादळात आडवं बल आधी जरा वर उसळतं, मग धाडकन कोसळतं आणि मग दिवसेंदिवस सावकाश वर येतं, हे त्यांनी मुंबईच्या आकड्यांवरून दाखवलं. ते कोसळणं म्हणजेच रिंग करंट, पण तेव्हा तो शब्द रूढ व्हायचा होता. आज हे काम न्यू पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था बघते.

१८५९ चं वादळ सगळ्यात मोठं होतं आणि त्याची नोंद मुंबईत आहे असं ऐकलं. खरं का? (गिरगाव)

खरं. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर भडका दिसला, साडेसतरा तासांच्या आसपास गेल्यावर वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याला तेव्हा सकाळ होती. माणूस समोर बसून डोळ्याने वाचन घ्यायचा, एरवी तासाला एकदा, वादळात जास्त वेळा. त्या वहीत आडव्या बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट आहे. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी २००३ मध्ये ती जुनी नोंद बाहेर काढून अभ्यास मांडला आणि डीएसटी उणे १७६० च्या आसपास गेला असेल असं गणित केलं. जगभर गाजलं ते.

पण वाद आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ती घट ज्या वेगाने झाली आणि ज्या वेगाने भरून आली तेवढ्या वेगाने रिंग करंट ओसरतो का, असं काही शास्त्रज्ञ विचारतात. तासाची सरासरी काढली तर घट साधारण ८५० च्या घरात येते. बाकीची कदाचित दुसऱ्या कुठल्या प्रवाहाची असेल, त्या दिवशी ध्रुवाकडचे अरोराचे (ध्रुवीय प्रकाशाचे) प्रवाह खूप खाली सरकले होते. माझं मत विचाराल तर एवढं अफाट शिखर एकट्या रिंग करंटचं असणं मला अवघड वाटतं. पण ठिकाण एक, आकडा एक, आणि कडं त्या दिवशी मुंबईच्या डोक्यावर जाड होतं की पातळ, हे दाखवणारं चित्र कुणाकडेच नाही.

तो 'इमेज' उपग्रह हरवला आणि सापडला म्हणे? (कल्याण)

हो. १८ डिसेंबर २००५ नंतर त्याचा आवाज बंद झाला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले हौशी निरीक्षक स्कॉट टिली दुसराच एक गुप्त उपग्रह शोधत होते तेव्हा त्यांच्या अँटेनाला हा लागला, आणि तो 'इमेज'च आहे हे नासाने तपासून सांगितलं. बारा वर्षं बंद समजलेलं यान बोलत होतं! पुढे तो संपर्क टिकला नाही, मला ते वाचून फार चुटपुट लागली होती.

मी दहावीत आहे. यूट्यूबवर बघून काचेच्या बरणीत दोऱ्याला चुंबक टांगला, त्यावर आरसा चिकटवला आणि लेझर मारून भिंतीवर ठिपका पाडला. मे महिन्यासारखं वादळ पकडायचंय. ठिपका सारखा हलतो, पण वादळ नसतानाच. काय चुकतंय? (डोंबिवली, घर रेल्वे लाइनला लागून)

अरे वा, तू केलंस हेच खूप आहे! आता दोन गोष्टी.

पहिली सोपी. लाइनला लागून घर म्हणजे लोकल गेली की शेकडो टन लोखंड तुझ्या चुंबकाजवळून जातं, तो हलणारच. बिल्डिंगची लिफ्ट, खाली लागणाऱ्या स्कूटर, लोखंडी कपाट उघडलं-मिटलं, सगळं त्याला कळतं. मूस साहेबांनी ट्रामला घाबरून अलिबाग गाठलं ते याच जातीच्या त्रासामुळे. मामाचं, आत्याचं कुणाचं गावात लाइनपासून लांब घर असेल तर तिथे लाव, आणि बरणी झाकून ठेव, पंख्याची झुळूकही पुरते.

दुसरी जास्त महत्त्वाची, आणि व्हिडिओत ती सांगत नाहीत. रिंग करंट आडवं बल कमी करतो, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेतलंच बल घटवतो. तुझा चुंबक मोकळा टांगलेला आहे, तो उत्तर-दक्षिणच उभा. त्याला उत्तरेकडे ओढणारा हात जरा ढिला पडला तरी तो वळेल का? नाही वळणार, तो तसाच उत्तरेला बघत राहील. तुझा ठिपका रिंग करंटला जवळजवळ आंधळा आहे. कुलाब्याला यासाठी वेगळं उपकरण असायचं, त्यात चुंबक जबरदस्तीने पूर्व-पश्चिम धरून ठेवायचे. तू असं कर, एका धाग्याऐवजी दोन धागे घे, सेंटिमीटरभर अंतर सोडून समांतर, वरून एका लाकडी चकतीला बांधलेले. चुंबकाला थोडं वजन जोड, पितळेचं चालेल, लोखंडाचं नको. मग वरची चकती हळूहळू फिरवत जा, चुंबक उत्तर-दक्षिण सोडून बरोबर पूर्व-पश्चिम उभा राहीपर्यंत. आता एका बाजूने धाग्यांचा पीळ ओढतोय आणि दुसऱ्या बाजूने पृथ्वी. पृथ्वीची ओढ घटली की पीळ जिंकतो आणि ठिपका सरकतो. भिंत तीन मीटरवर असेल तर मे २०२४ सारख्या वादळात तो काही सेंटिमीटर सरकेल, पट्टीने मोजता येईल इतका.

आधी दोन-तीन आठवडे शांत दिवसांच्या नोंदी घे. सूर्यामुळे रोज दिवसा पन्नासेक नॅनोटेस्लाचा चढउतार होतोच, तो ओळखीचा झाला की वादळ वेगळं कळेल. वाचनाशेजारी खोलीचं तापमान लिही, ऊन तापलं की धागेही सैल होतात. मोठी वादळं मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला जास्त येतात, तोपर्यंत बरणी तयार ठेव. जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या साइटवर डीएसटीचा चार्ट रोज येतो, त्यातली वेळ जागतिक असते, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून जुळव. आणि तुझा ठिपका त्या चार्टपेक्षा तास-दोन तास आधी किंवा नंतर, कमी किंवा जास्त सरकलेला दिसला तर खोडून दुरुस्त करू नकोस. तो चार्ट चार गावांची सरासरी आहे, डोंबिवली त्यात नाही, आणि कडं त्या वेळी तुझ्या बाजूला जाड असू शकतं. मोजलंस तेच वहीत लिही, वेळ घालून, आणि पहिलं वादळ सापडलं की त्या पानाचा फोटो मला पाठव.